फळ्याची डावी बाजू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा स्वयंपाक (धंदा बंद, स्वयंपाक चालू), राहणार याच घरात, आज दुपारची जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या मालमत्तेची ही शेवटची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि तो सोबत टाचला आहे. दाखला लिहिता लिहिता त्यांनी सूप दोनदा मागून घेतलं, त्यामुळे त्यांचंही डोकं ठिकाणावर होतं असं मी माझ्यातर्फे लिहून देते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. कोणी मला फूस लावलेली नाही; तेवढी चिकाटी आमच्या गल्लीत आता कोणात उरलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात किंवा उकळत्या पातेल्यासमोर उभी असताना मी कोणाला काही तोंडी कबूल केलं असेल, तर ते रद्द समजावं.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे. मी म्हटलं, एकट्या हृदयाचं काय घेऊन बसलात? गुडघे आहेत, खांदा आहे, आणि या सगळ्यांपेक्षा थकली आहे ती माझी जीभ. ती का थकली ते पुढे येईल.

माझी माणसं दोन. एक माझी एकुलती एक मुलगी. तिला लहानपणापासून खडू म्हणतात, ती सिनेमे करते आणि दुसऱ्या शहरात राहते. दुसरा माझा धाकटा भाऊ, जो जन्मभर थिएटरमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचा आणि ज्याला गल्लीत अजून ऑपरेटर म्हणूनच हाक मारतात. ही मामा-भाची एकमेकांशी बोलत नाहीत. मी गेल्यावर या दोघांचं काय होणार, की एकमेकांचं तोंड न बघताच दोघं संपणार, हीच मला काळजी आहे. बाकी भांडीकुंडी आहेत. ती कुठेही खपतात.

मी लिहायला बसण्याआधी वकीलबाईंनी एक गोष्ट आम्हा सगळ्यांना समजावून सांगितली, ती इथे लिहून ठेवते. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. त्याच्या नावे काही लिहिलं असलं तरी ते रद्द होतं आणि उरल्यासुरल्या मालमत्तेत जमा होतं. डॉक्टरांनी मान हलवली, त्यांना माझ्याकडून काही नकोच आहे. दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचा शिंपी आला आहे. त्याचं तोंड मात्र हे ऐकून एवढंसं झालं, कारण माझ्या मोठ्या पातेल्यावर त्याचा बऱ्याच वर्षांपासून डोळा आहे. "म्हणजे सही पण करायची आणि हात हलवत घरी पण जायचं?" असं तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, चहा मिळेल."

भाऊ वरच्या खोलीत आहे. त्याला खाली बोलावलेलं नाही, कारण त्याच्या नावे कलमं आहेत. पण त्याचं दार उघडं आहे, आणि जे त्याने ऐकू नये ते त्याला नेमकं ऐकू येतं.

कलम पहिलं. घर. खाली दोन खोल्या, वर एक, मागे न्हाणीघर, आणि जिन्याखाली एक कपाट, ज्याचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. हे घर माझ्या यजमानांनी घेतलं आणि त्यांच्यामागे माझ्या नावावर झालं. ते गेले तेव्हा खडू अजून टेबलाखालून चालत जाऊ शकत होती. तेव्हा माझा भाऊ चार दिवस सोबतीला म्हणून एक पिशवी घेऊन आला. ती पिशवी अजून वरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. हे संपूर्ण घर, जमिनीसकट आणि गळक्या छपरासकट, मी माझ्या मुलीला देते. छपराबद्दल मला दोष देऊ नये. मी ज्याला ज्याला सांगितलं, तो वर चढला, दोन कौलं इकडची तिकडे केली आणि जेवून गेला.

कलम दुसरं. वरची खोली. घर मुलीचं असलं, तरी वरच्या खोलीत माझ्या भावाने तो जिवंत असेपर्यंत राहावं, आणि तिथून त्याला कोणी उठवू नये. हा त्याचा हक्क मी या कलमाने त्याला देते. खोलीतली फिल्मची रिकामी डबडी, सिनेमाची जुनी मासिकं आणि मशीनची ती भिंगं, ज्यांना हात लावला की तो दिवसभर जेवत नाही, ही त्याचीच आहेत. ती माझी नाहीतच, म्हणून देता येत नाहीत. तो बायकोविना राहिला, याबद्दल मला बोल लावणारे लोक आहेत. मी त्याच्यासाठी तीन मुली बघितल्या होत्या. तिघींना त्याने सिनेमाला नेलं, आणि तिघींनाही सिनेमा चालू असताना बोलू दिलं नाही.

कलम तिसरं. थिएटरमधून आलेल्या वस्तू. आता थिएटरबद्दल लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कलम वकीलबाईंनाही कळायचं नाही. त्या तरुण आहेत, त्यांनी थिएटर बंद झालेलंच पाहिलं आहे.

आमचं थिएटर एका पडद्याचं. भाऊ वर मशीनच्या खोलीत, मी खाली कँटीनमध्ये. मालक हौशी माणूस. एका वर्षी त्यांनी बेकिंग पावडरच्या कंपनीचं भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. त्यात प्रत्येक तारखेला एक पदार्थ: आज बटाट्याचा दिवस, उद्या अंड्याचा, परवा कांद्याच्या सूपचा. कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, देव जाणे. मालकांना ते फार आवडलं. ते म्हणाले, "बाई, रोज त्या दिवसाचा पदार्थ करा, फळ्यावर लिहा, लोकांना गंमत." माझा भाऊ तिथेच उभा होता. तो म्हणाला, "थिएटर आहे, खानावळ नाही. लिहायचं तर आज कोणत्या दिग्दर्शकाचा वाढदिवस आहे ते लिहा." त्याच्याकडे मासिकांतून कापलेल्या कात्रणांची चळत होती. मालकांनी दोघांचंही ऐकलं. व्हरांड्यात मोठा काळा फळा लावला, त्याच्या मधोमध पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ ओढून घेतली आणि सांगितलं, "डावी बाजू ताईची, उजवी भावाची. एकाने दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही." तेव्हापासून आजतागायत, आजारपणं धरून, तो फळा रोज लिहिला गेला आहे. ज्याचा त्या दिवशी वाढदिवस असेल त्या प्रेक्षकाला डाव्या बाजूचा पदार्थ फुकट, अशीही एक प्रथा मालकांनी पाडली. शेजारच्या शिंप्याचा वाढदिवस वर्षातून सहा-सात वेळा येऊ लागला. अंड्याच्या दिवशी हमखास.

मला दिग्दर्शकांची नावं कधी पाठ झाली नाहीत. मी एकही सिनेमा सलग पाहिलेला नाही. मध्यंतराच्या आधी तळायचं, मध्यंतरात वाढायचं, मध्यंतरानंतर घासायचं. मी दिग्दर्शक ओळखते ते मध्यंतरात लोक काय मागतात त्यावरून. एकाला मी लाह्यावाला म्हणायचे. त्याच्या सिनेमाला मक्याच्या लाह्यांची दोन पोती कमी पडायची. एक जांभईवाला होता, त्याच्या वेळी नुसती कॉफी. एका सिनेमाला माणसं बाहेर यायची, खांबाला टेकून उभी राहायची आणि मग मुकाट्याने सूप घ्यायची. भाऊ म्हणायचा, "ताई, तो फार मोठा माणूस आहे, त्याला सूपवाला काय म्हणतेस?" मी म्हणायचे, "मोठा आहे म्हणून तर सूप. लहान असता तर लाह्या."

एकदा भावाला ताप होता, आणि मी घाईत दोन्ही बाजू लिहून टाकल्या, त्याही उलट्या. डावीकडे दिग्दर्शक, उजवीकडे बटाटा. दिवसभर लोक एक प्लेट दिग्दर्शक मागत होते, आणि एका म्हाताऱ्याने बटाट्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. भाऊ तापातून उठून खाली आला, फळा पाहिला आणि आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. तो असा आहे. फळ्यावर त्याला चेष्टा चालत नाही.

थिएटर बंद झालं तेव्हा मालकांनी प्रत्येकाला विचारलं, काय नेणार? मी मोठं पातेलं, दोन झारे आणि फळा मागितला. मालकांनी तसा कागद माझ्या नावावर करून दिला, म्हणून कायद्याने फळा पूर्ण माझा आहे. तो आम्ही घरी आणून गल्लीच्या बाजूच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावला. मी रोज एक पातेलंभर त्या दिवसाचा पदार्थ करते, येणारा-जाणारा खिडकीतून घेऊन जातो. भाऊ रोज सकाळी खाली येऊन उजवी बाजू लिहितो. ज्यांचे वाढदिवस त्यांतले बहुतेक दिग्दर्शक आता वारले आहेत. मी एकदा विचारलं, मेलेल्यांचा वाढदिवस कसा? तो म्हणाला, "जन्मले होते ना?"

कलम चौथं. फळा. खरं म्हणजे या एका कलमासाठी मी वकीलबाईंची फी भरली आहे.

खडू या फळ्यापाशी वाढली. मामा लिहायचा आणि ही खाली उभी राहून खडू धरायची. संध्याकाळी कपडे, केस, नाक, सगळं पांढरं. हे नाव तिला मामानेच ठेवलं. तिला सिनेमा त्याने दाखवला, मांडीवर घेऊन, थिएटरच्या मशीनच्या खोलीतल्या बारक्या खिडकीतून. मी ओरडायचे, पोरीचे डोळे जातील. तो म्हणायचा, "जाणार नाहीत, येतील." ती सिनेमाच्या शाळेत गेली तेव्हा स्टेशनवर मी रडले नाही, तो रडला. मी त्याला माझा पदर दिला.

या मुलीच्या नशिबाला आणखी एक गोष्ट आली. तिचा वाढदिवस कॅलेंडरप्रमाणे कोबीचा दिवस आहे. दरवर्षी कोबी. लहानपणी ती हात जोडायची, "आई, फक्त आजच्या दिवस केक कर ना." पण फळा म्हणजे फळा. मी कोबीचा गड्डा उकडायचे, मधोमध मेणबत्ती खोचायचे, आणि केक दुसऱ्या दिवशी करायचे. म्हणून ती अजूनही घरी येते ती वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. आणि त्याच तारखेला, उजव्या बाजूला, एका फार नावाजलेल्या दिग्दर्शकाचा वाढदिवस असतो. त्याच्या सगळ्या सिनेमांत घोडे धावत असतात, म्हणून मी त्याला घोडेवाला म्हणते. त्याच्या सिनेमाला लोक काहीही खातात, ओरडतात आणि कप फोडतात.

खडूने तिचा पहिला सिनेमा केला तो आमच्याच थिएटरला आठवडाभर लागला. मशीन भावाने स्वतः चालवलं, मदतनिसाला हात लावू दिला नाही. मी नेहमीप्रमाणे कँटीनमध्ये. मध्यंतर झालं, दारं उघडली, माणसं बाहेर आली आणि त्यांनी पाणी मागितलं. लाह्या नाही, कॉफी नाही, सूपही नाही. आधी पाणी. मग एका बाईने मला विचारलं, "थोडा वेळ इथे बसू का?" एवढ्या वर्षांत मी असं मध्यंतर पाहिलं नव्हतं. माझी मुलगी दिग्दर्शक आहे की नाही हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्यावर दुसऱ्या कोणाचं मत नको होतं.

पण त्यानंतरचा तिचा वाढदिवस आला. ती सकाळच्या गाडीने आली, कोबीच्या दिवशीच आली, आणि सरळ फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. उजवीकडे घोडेवाला. तिकिटाच्या खिडकीपाशी रांग होती. तिने हसत हसतच विचारलं, "मामा, माझं नाव?" आणि माझा भाऊ, ज्याने तिला मांडीवर घेऊन सिनेमा दाखवला, रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "तीन सिनेमे कर, मग लिहीन. एक कोणीही करतं. फळा नात्यागोत्याचा नाही." हा तीन सिनेमांचा नियम त्याचा जुना आहे, तो सगळ्यांना लावतो, हे खरं. पण नियम खरा असला म्हणून तो तोंडावर मारायचा नसतो. खडू कँटीनमध्ये आली, कोबी खाल्ला, मेणबत्तीसुद्धा विझवली. त्या दिवसापासून ती मामाशी बोललेली नाही.

दुसरा सिनेमा तिने केला. तिसऱ्याला घोडं अडलं. गोष्ट तयार होती, माणसं तयार होती, निर्माता पळाला. आता ती मुलांना शिकवते आणि दुसऱ्यांचे सिनेमे नीट करून देते. आणि तिच्या वाढदिवसाला दरवर्षी, न चुकता, उजवीकडे घोडेवाला.

तर मी ठरवते ते असं. फळ्याची डावी बाजू, पांढऱ्या रेघेपर्यंत, मी माझ्या मुलीला देते. तिथे तिने पदार्थ लिहावा, नाहीतर स्वतःचं नाव लिहावं, नाहीतर घोडा काढावा. डाव्या बाजूला तीन सिनेमांचा नियम कधीच नव्हता. तिथे मी कोबीला जागा दिली आहे. फळ्याची उजवी बाजू मी माझ्या भावाला देते, कारण ती त्याची आहे आणि मी तिला कधी हात लावला नाही. लावावासा पुष्कळदा वाटला. दरवर्षी कोबीच्या दिवशी सकाळी मी फडकं हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले आहे.

वकीलबाई म्हणाल्या, एकाच फळ्याचे दोन मालक झाले तर पुढे कटकट होते. मी म्हटलं, होऊ दे. कटकट करायला तरी तोंड उघडावं लागेल.

कलम पाचवं. बँकेतली शिल्लक. जी असेल ती मुलीला. यातून तिसरा सिनेमा करावा अशी अट मी घालणार होते, पण मग मी आणि माझा भाऊ यांत फरक काय राहिला? अट नाही. तिला वाटलं तर छप्पर करावं.

कलम सहावं. समोरच्या बाईने माझी बिडाची कढई एका लग्नाला नेली आणि कान तुटलेली परत दिली, वर म्हणाली, "आधीच तुटलेला होता." ती कढई, कान तुटलेलीच, मी तिला देते. तिने रोज वापरावी.

कलम सातवं. माझं जेवण. मी ज्या दिवशी जाईन त्या दिवशी किंवा नंतर काही खास करू नये. डाव्या बाजूला जे आलं असेल ते करावं. सॅलडच्या पानांचा दिवस आला तर सॅलडची पानं वाढावीत आणि लोकांनी ती मुकाट्याने खावीत. उजव्या बाजूला माझं नाव लिहू नये. मी एकही सिनेमा केलेला नाही. नियम मलाही लागू आहे.

कलम आठवं. निरोप्याची जागा. वर मी जिभेबद्दल लिहिलं आहे. खडू घरी येते तेव्हा ती टेबलाच्या या टोकाला बसते, भाऊ त्या टोकाला, आणि मी मध्ये. "आई, त्यांना सांग, मीठ इकडे द्या." "ताई, तिला सांग, गाडी नऊला नाही, साडेआठला आहे." दोघांना ऐकू येतं. तरी मी सांगते. मीठ देते, गाडी सांगते, एकाचा राग चाळून दुसऱ्याला वाढते. भाऊ विचारतो, "तुझी मुलगी नीट जेवते का तिकडे?" मुलगी विचारते, "ते गोळ्या वेळेवर घेतात का?" एवढं एकमेकांचं पडलेलं असताना मधे मी कशाला, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी थकले आहे. खरोखर थकले आहे. मोठं पातेलं मी अजून उचलते, पण या दोघांची वाक्यं आता मला उचलवत नाहीत. ही निरोप्याची जागा माझ्यामागे कोणालाही देण्यात येत नाही. ती बंद करण्यात येत आहे. शेजाऱ्यांपैकी कोणी मदत म्हणून ती चालवू नये.

कलम नववं. वर लिहायचं राहिलेलं सगळं, तसंच कुठल्याही कारणाने रद्द ठरलेलं सगळं, माझ्या मुलीला.

कलम दहावं. हे कलम आधी ठरलेलं नव्हतं. सह्यांच्या वेळी जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने काहीतरी रचलं.

वकीलबाईंनी वरची कलमं मोठ्याने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर शिंप्याने नाइलाजाने पेन हातात घेतलं. इतक्यात जिना वाजला. माझा भाऊ खाली आला. त्याने धुतलेला शर्ट घातला होता आणि बटणं वरपर्यंत लावली होती.

"ऊठ रे," तो शिंप्याला म्हणाला.

"का?"

"सही मी करतो."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला नाही करता येणार. म्हणजे येईल, पण मग तुम्हाला काही मिळणार नाही. मी मघाशी सांगितलं ना."

"ऐकलं. वर ऐकू येतं."

"तुमचा खोलीचा हक्क जाईल."

"हो."

"फळ्याची उजवी बाजूपण. ती रद्द होऊन ताईंच्या मुलीकडे जाईल. म्हणजे पूर्ण फळा तिचा."

"पूर्ण तिचा," भाऊ म्हणाला. "बरोबर."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे, डोकं फिरलं का तुझं? मग राहशील कुठे?"

"तिला विचारीन."

"कोणाला?"

"खडूला."

फळ्यासमोरच्या त्या दिवसापासून या घरात त्याने हे नाव उच्चारलं नव्हतं. 'तुझी मुलगी' म्हणायचा. डॉक्टर चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला.

मी विचारलं, "आणि ती नाही म्हणाली तर?"

"म्हणू दे. मीही म्हटलंच होतं की." मग त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं. "ताई, तू गेल्यावर खोली माझ्या हक्काची असली ना, तर मी वर बसून राहीन. मला माहीत आहे मी कसा आहे. ती खाली, मी वर, आणि संपलं. विचारावं लागलं तर निदान जिना तरी उतरेन. आणि तोवर थांबायचं नाही मला. परवा ती केक खायला येणार आहे ना?"

मी हो म्हटलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तो म्हणाला, "रडायचं तर कागद बाजूला सरकव. शाई पसरेल."

शिंपी उठला, खुर्ची भावाला दिली आणि वकीलबाईंना हळूच विचारलं, "म्हणजे आता मी साक्षीदार नाही?" नाही, त्या म्हणाल्या. "मग पातेलं?" त्याची चिकाटी मान्य करून मी मोठं पातेलं या कलमाने त्याला देते. अट एकच: त्याने आपल्या जन्माची एक तारीख कायमची ठरवावी.

भावाच्या नावे वर जी कलमं आहेत ती मी खोडलेली नाहीत. कायद्याने ती रद्द होतील, पण मी त्याला काय देत होते ते खडूने वाचावं असं मला वाटतं.

हे लिहीत असताना तो बाहेर गेला आहे. खिडकीतून मला त्याचं डोकं दिसतं. उजवी बाजू तो पुसतो आहे, आणि ओल्या फडक्याने पुसतो आहे. रोज कोरड्याने पुसतो, त्यात आदल्या दिवसाची अक्षरं थोडी मागे राहतात. ओल्याने पुसलं की काहीच राहत नाही, फक्त वाळायला वेळ द्यावा लागतो. उद्या कोबी आहे. घोडेवाल्याचं नाव तो उद्या लिहिणार का, हे मी विचारलेलं नाही. ती बाजू आता लिहायची कोणी, हे त्यानेच ठरवलं आहे. मी इतकंच म्हटलं, "आत ये, सही राहिली आहे."

तो हात पुसून आत आला आहे. आता आम्ही सह्या करतो.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि खालील दोघांच्या डोळ्यांसमोर मी सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

मृत्युपत्र करणारी: (सही) खडूची आई, कँटीनवाली

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. प्रकृती नाजूक, बुद्धी शाबूत, सूप उत्तम.

साक्षीदार दुसरे: (सही, फळ्यावरच्यासारख्या मोठ्या अक्षरात) ऑपरेटर, निवृत्त.

ठिकाण: स्वयंपाकघर, फळ्याच्या आतल्या बाजूला.

दिनांक: कोबीचा आदला दिवस. खरी तारीख वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातली आहे.

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ: करणारीशी नातं, धाकटा भाऊ. या मृत्युपत्रातून मला काही मिळत नाही हे वाचून, समजून, स्वखुशीने सही केली. खडूचा मामा.